ओढून नेतांना मोडणारें घर

अमेरिकेंत ‘मोटरहोम’ नांवाचें एक चालतें घर असतें. एकाच वाहनांत शेज, चूल, न्हाणी आणि पुढें चालकाची बैठक, अशी त्याची रचना. आयोवा संस्थानांतील फॉरेस्ट सिटी येथें विनेबागो कंपनीनें १९६६ सालीं अशीं वाहनें बांधण्यास आरंभ केला, आणि पुढें मध्यम स्थितींतल्या कुटुंबांतहि त्यांचा प्रसार झाला. ज्यांचीं मुलें तिकडे स्थायिक झालीं आहेत, अशा कांहीं वाचकांनीं त्यांतून प्रवासहि केला असेल.

तें घर वाटेंत बंद पडलें, कीं ओढून न्यावें लागतें. आणि कित्येकदां मूळच्या बिघाडापेक्षां मोठा अनर्थ येथेंच घडतो. फुटलेली असते रेडिएटरची एक नळी. परंतु दूरच्या कारखान्यांत पोंचेपर्यंत गिअरबॉक्स जळून गेलेला असतो, आणि खर्च हजारों डॉलरांवर जातो. रोगापेक्षां इलाज भयंकर, तो असा.

याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. स्वयंचलित गिअरबॉक्सचें जीवन त्यांतील तेलावर अवलंबून असतें. तें तेल सर्वत्र पोंचविणारा पंप एंजिनाच्या गतीनें फिरतो, चाकांच्या नव्हे. एंजिन थांबलें, कीं पंप थांबला. परंतु मागचीं चाकें रस्त्यावर फिरत असलीं, तर तीं प्रोपेलर शाफ्टच्या द्वारें गिअरबॉक्समधील दांडा फिरवीतच राहतात. फिरणें चालू आणि तेल बंद! मग बुश, बेअरिंगें व क्लचच्या चकत्या कोरड्या घांसतात, तापतात व अखेर निकामी होतात.

‘गाडी न्यूट्रलमध्यें ठेवली, तर काय बिघडेल?’ असें कोणी विचारील. न्यूट्रलनें एंजिनाचा संबंध सुटतो. चाकांचा सुटत नाहीं. १९३९ सालीं निघालेल्या ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्समध्यें चाकांच्या गतीनें चालणारा दुसरा पंप असे. पुढें असे पंप प्रचारांतून गेले. जुना समज मात्र राहिला.

क्रेनवाला बहुधा पुढचीं चाकें उचलतो, कारण मोटरहोमचा मागचा भाग चाकांच्या पलीकडे लांबवर आलेला असतो. पण बहुतेक मोठीं मोटरहोमें मागच्याच चाकांनीं चालतात. तेव्हां पुढचीं चाकें उचलून गिअरबॉक्सचें रक्षण होत नाहीं. खरे उपाय तीन: प्रोपेलर शाफ्ट सोडविणें, मागील अॅक्सलचे दांडे काढणें, किंवा सबंध वाहन सखल ट्रेलरवर चढविणें. अॅलिसन कंपनीची पुस्तिकाहि शाफ्ट सोडण्याचा, अॅक्सलचे दांडे काढण्याचा किंवा तीं चाकें उचलण्याचा स्पष्ट इशारा देते. शाफ्ट सोडतांना खुणा करून ठेवाव्या, म्हणजे तो पूर्वस्थितींत बसवितां येतो. अॅक्सलचे दांडे काढल्यास तोंडें झांकावीं, नाहीं तर तेल सांडतें.

आपल्याकडेहि स्वयंचलित मोटारी आतां पुष्कळ झाल्या आहेत, म्हणून हा विचार परका नव्हे. जीं चाकें एंजिनानें चालतात, तीं जमिनीवर फिरूं देऊं नयेत, हें सूत्र. पुढच्या चाकांनीं चालणाऱ्या गाडीचीं पुढचीं चाकें उचलावीं. चारहि चाकांनीं चालणारी गाडी सपाट ट्रकावरच न्यावी. गाडीबरोबर आलेली पुस्तिका हाच अशा वेळीं प्रमाणग्रंथ.

रात्रीची वेळ, घरचीं मंडळी खोळंबलेलीं, क्रेनवाल्याला घाई. अशा प्रसंगीं विचारण्याचा संकोच वाटतो. तरी सांखळी अडकविण्यापूर्वीं एवढें विचारावेंच: “अहो, शाफ्ट सोडला काय?” त्यास लागणारा थोडा वेळ पुढचा मोठा खर्च वांचवितो.