शरीराचा कारभार (भाग ६) : खाज थांबली, नायटा पसरला

पांढऱ्या पेशी जंतूंना ओळखतात कशा, ते मागच्या भागात पाहिलं. या पेशींना आवर कोण घालतं, हे समजायला लोहा गावच्या बाजारात मिळणारी एक ट्यूब पुरे.

जांघेत नायटा उठला की आपल्याकडे माणूस डॉक्टरकडे जात नाही, मेडिकलवर जातो. लाजही असते अन् खिशाचीही अडचण. ट्यूब लावली की दोन-तीन दिवसांत खाज बंद. मग काही आठवड्यांत नायटा मांडीभर पसरतो आणि घरातल्या आणखी कुणाला तरी लागतो. अशा कित्येक ट्यूबांमध्ये बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असतं. ही स्टिरॉइडं. नायट्याची लाली आणि खाज म्हणजे बहुतांशी आपल्याच पेशींची बुरशीशी चाललेली झुंज. स्टिरॉइड ती झुंज थांबवतं. बुरशीला रान मोकळं!

या औषधाचा मूळ नमुना आपल्या अंगातच आहे. मेंदूतला हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला हुकूम देतो, ती मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना चेतवते आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. दाह वाढवणारी रसायनं पेशींनी कमी बनवावीत, ही व्यवस्था कॉर्टिसॉल करतं. हा आवर नसता तर साध्या संसर्गातही दाह आटोक्यात राहिला नसता. कॉर्टिसॉल सकाळी भरपूर असतं, मध्यरात्रीच्या सुमारास अगदी कमी. रात्री खाज जास्त छळते, त्याचं हे एक कारण.

चिंता लागली की हीच साखळी हलते. दोन-चार दिवसांची चिंता शरीर सोसतं. पण पेरणी करून पाऊस ओढ देतो, कर्जाचा हप्ता डोक्यावर असतो, तेव्हा चिंता महिनोन् महिने चालते आणि पेशींचं काम मंदावतं. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम केली होती. ती भरायला इतर स्त्रियांपेक्षा सुमारे नऊ दिवस जास्त लागले. ‘काळजीनं माणूस खंगतो’ हे नुसतं बोलणं नव्हे.

पेशींना असं बाहेरून थोपवण्याचं भीषण रूप महाराष्ट्राने २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत पाहिलं. ऑक्सिजनवरच्या कोरोना रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोनने वाचवले, हे खरं. पण गरज नसताना, जास्त दिवस, तेही मधुमेह्यांना दिलेल्या स्टिरॉइडांनी साखर वाढवली, पेशींना थोपवलं आणि म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराला वाट करून दिली. कित्येकांचे डोळे, जबडे गेले. औषध वाईट नव्हतं, वापर बेबंद होता.

तोच बेबंदपणा ट्यूबच्या बाबतीत आजही चालू आहे. २०१८ मध्ये अशी अनेक मलमं शेड्यूल एचमध्ये आली. म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तेव्हा घरातली ट्यूब काढून तिच्यावरची नावं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन दिसलं तर नायट्याला लावू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मात्र दमा किंवा संधिवातासाठी कुणी स्टिरॉइडच्या गोळ्या घेत असेल, तर त्या परस्पर बंद करू नका. बाहेरून मिळणाऱ्या गोळ्यांमुळे अधिवृक्क ग्रंथी मंदावलेल्या असतात, एकाएकी थांबवलं तर जिवावर बेतू शकतं.