आटे गेल्याची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात एका पहाटे मिशिगनहून भाच्याचा फोन आला. 1970च्या दशकातली एक शेवरोले पिकअप त्याने वर्षभराची बचत घालून घेतली आहे. गिअरबॉक्सचे तेल बदलून खालचे पॅन परत बसवताना तेरा बोल्टांपैकी एक नुसताच फिरू लागला.

"मामा, आवळतच नाही. बोल्टाबरोबर अ‍ॅल्युमिनियमचा भुगा बाहेर आला. इथला गॅरेजवाला म्हणतो, गिअरबॉक्सच बदला. माझ्याच हातून घडलं हे."

मी कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेलेलो नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथशेजारी उभे राहून आणि पुढे मिळतील ती पुस्तके वाचून जे शिकलो, तेवढेच माझे शिक्षण. उद्यमनगरात याचे निदान दोन शब्दांत होते : आटे गेले. पण ते का जातात, हे समजून घ्यायला जरा मागे जावे लागते.

पॅन म्हणजे गिअरबॉक्सच्या पोटाखालची पत्र्याची परात. परात आणि पोट यांच्यामध्ये पॅकिंग असते. बोल्ट पोलादाचा, तर त्याचे आटे बसतात ते अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव कवचात. दोघांत मऊ अ‍ॅल्युमिनियम; म्हणून जोर जास्त झाला की सोलून निघतात ते कवचातले आटे, बोल्टाचे नव्हेत. या बोल्टांना जोर लागतो तो साधारण 10 ते 15 न्यूटन-मीटर. चाकाच्या नटाला शंभराच्या आसपास लागतो. चाकाचा हात पॅनवर चालवला, की घात ठरलेला.

बहुतेकदा हे घडते गळतीच्या भीतीने. तेल पाझरताना दिसले की माणूस बोल्ट आणखी पिळतो. त्याने पॅकिंग चेपून बाहेर येते, भोकाभोवतीचा पत्रा वर वाकतो आणि दोन बोल्टांमधली फट वाढते. गळती थांबण्याऐवजी वाढते. मग आणखी एक पीळ, आणि आटे जातात.

पण भाच्याची कहाणी मला वेगळी वाटली. मी त्याला म्हटले, "तेराही बोल्ट टेबलावर मांड आणि डोकी पुसून बघ." बारांच्या डोक्यांवर तीन-तीन रेषा होत्या. तेराव्यावर 8.8 असा आकडा होता.

या आकड्यामागे शंभर-सव्वाशे वर्षांचे भांडण आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने 1841 साली आट्यांचे प्रमाण मांडले, त्याचा कोन 55 अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्सने 1864 साली फिलाडेल्फियात 60 अंशांचा आटा सुचवला. दुसऱ्या महायुद्धात एकाच बाजूने लढणाऱ्या या देशांचे नट-बोल्ट एकमेकांना बसेनात. अखेर 1948 साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकच आटा मान्य केला. तोही इंचातला. मिलिमीटरचा आटा वेगळाच राहिला.

भाच्याचा गिअरबॉक्स टर्बो हायड्रामॅटिक 350. त्याच्या पॅनचे बोल्ट 5/16 इंची, इंचाला 18 आटे. 1982 साली आलेल्या 700आर4 या गिअरबॉक्सचे बोल्ट मात्र 8 मिलिमीटरचे. 5/16 इंच म्हणजे 7.94 मिलिमीटर, डोळ्यांना फरक कळत नाही. पण इंची आट्यांमधले अंतर 1.41 मिलिमीटर आणि मिलिमीटरवाल्यांमधले 1.25. दर आट्याला 0.16 मिलिमीटरची चूक. पहिले एक-दोन फेरे बोल्ट गुमान जातो, मग जड होतो. पान्ह्याला जोर दिला की तो कवचातले आटे कापत पुढे सरकतो. डोक्यावरच्या तीन रेषा इंची मापाच्या, 8.8 मिलिमीटरचा. आधीच्या कुणा मालकाने हाताला लागला तो बोल्ट ठोकून दिला होता. भाच्याने फक्त शेवटचा फेरा मारला.

आता दुरुस्ती. आपल्याकडे बोल्टाला सुतळी नाहीतर टेप गुंडाळून वेळ मारून नेतात. गरम तेलापुढे ते टिकत नाही. खरा उपाय तारेच्या आट्यांचा. चौकोनी छेदाची, कोनावर उभी राहणारी स्टेनलेस तार स्प्रिंगसारखी वळवलेली असते. भोक किंचित मोठे करून, किटमधल्या टॅपने नवे आटे पाडून ती आत फिरवायची. तिचा आतला आटा जुन्याच मापाचा, म्हणून बोल्ट मूळचाच बसतो. बाहेरचा आटा मोठा, त्यामुळे जोर अ‍ॅल्युमिनियमच्या जास्त भागावर वाटला जातो. जोड मूळच्यापेक्षाही पक्की होते.

मी सांगितलेली पथ्ये अशी. ड्रिल किटवर लिहिलेल्या मापाचेच घ्यायचे. भोकाची खोली तारेने मोजून ड्रिलला तेवढ्यावर टेपची खूण करायची, नाहीतर कवच आरपार जाते. ड्रिल आणि टॅप सरळ धरायचे. टॅपला ग्रीस लावायचे, म्हणजे भुगा त्याला चिकटून बाहेर येतो. उरलेला भुगा ओढून घ्यायचा. हवेने फुंकायचा नाही, कारण वरच तेलाच्या बारीक वाटा आहेत आणि एक कण तिथे अडकला तरी गिअर पडायचे थांबतील. तार पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली बसवून तिची शेपटी मोडायची आणि तो तुकडा मोजून बाहेर काढायचा. पॅनची वाकलेली कड ठोकून सपाट करायची. शेवटी सगळे बोल्ट हाताने लावून, समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे.

तीन दिवसांनी त्याने फोटो पाठवला. गाडीखाली रात्रभर पसरलेला पुठ्ठा कोरडा होता. खाली लिहिले होते, "मामा, बाकीची बाराही भोकं तपासली. चांगली आहेत."