अभाव कसा दिसतो?

मागच्या वेळी आपण वैशेषिकांच्या 'अभाव' या पदार्थापाशी थांबलो होतो. जमिनीवर घट नाही, हे आपल्याला दिसतं, की आपण ते अनुमानानं ठरवतो? आज घट बाजूला ठेवू आणि रक्त घेऊ.

समजा, कर्जत तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरचा मुलगा आहे. गुडघा वरचेवर सुजतो, दात पडला तर रक्त थांबता थांबत नाही. काहीतरी 'नाही' आहे. पण काय?

त्याचं रक्त सायट्रेटच्या नळीत घेतात. नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून रक्त साकळत नाही. नळी यंत्रात फिरवली की पेशी तळाशी जातात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो. त्यात साकळण्याची क्रिया सुरू करणारं द्रव्य घालायचं, मग कॅल्शियम, आणि घड्याळ लावायचं. ही एपीटीटी चाचणी. निरोगी प्लाझ्मा साधारण अर्ध्या मिनिटात साकळतो. आपल्या मुलाच्या प्लाझ्माला दीड मिनिट लागलं असं धरू.

इथे घाई करू नये. एखादा घटक कमी असेल, किंवा घटक आहे पण त्याला अडवणारं काही रक्तात असेल. वेळ दोन्हीकडे वाढतो. म्हणून त्या प्लाझ्मात तेवढाच निरोगी प्लाझ्मा मिसळतात. वेळ ताळ्यावर आला तर उणीव, नाही आला तर अडवणूक. त्यातही आठव्या घटकाला अडवणारी द्रव्यं सावकाश काम करतात, बरं का! म्हणून मिश्रण ३७ अंशांना दोन तास ठेवून पुन्हा बघतात.

आता उणीव कशाची? १९४७ साली ब्युनोस आयर्समध्ये पाव्लोव्स्की यांना दिसलं, की एका हिमोफिलिया रुग्णाचं रक्त दुसऱ्याच्या रक्तात मिसळलं तर साकळणं सुधारतं. दोघांत एकच गोष्ट कमी असती तर हे कसं झालं असतं? १९५२ मध्ये दुसऱ्या प्रकाराला स्टीफन ख्रिसमस या रुग्णाचं नाव मिळालं. त्याच्यात नववा घटक नव्हता. अभाव नेहमी 'कशाचा तरी' असतो, त्या 'कशाला' नैयायिक प्रतियोगी म्हणतात. इथे प्रतियोगी चुकला तर नववा नसलेल्याला आठवा टोचला जाईल, आणि रक्त वाहतच राहील.

नळी अर्धवट भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि निरोगी माणूसही आजारी दिसतो. बर्फात ठेवली तर आठवा घटक खोटाच कमी दिसू शकतो. शिवाय ही चाचणी चार तासांत व्हावी लागते. परळला केईएमच्या आवारात रक्तविकारांची राष्ट्रीय संस्था आहे. खोपोली-कर्जतहून लोकलनं नळी पाठवण्यापेक्षा, जमत असेल तर, मुलालाच तिथे न्यावं.