यीस्टची पेशी आणि लेकराचे रक्त

प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना आपल्याच राहाता तालुक्यातला. उसाचा रस आटवून साखर काढली की मळी उरते. त्या मळीचे अल्कोहोल करते ते यीस्ट, आणि बेकरीत पावाचे पीठ फुगवते तेही यीस्टच. हा एकाच पेशीचा जीव नुसत्या डोळ्यांना दिसत नाही; पण त्याच्या पेशीतला कारभार बराचसा आपल्या पेशींसारखाच चालतो. म्हणूनच लेकरांच्या रक्ताचा एक आजार समजायला यीस्टचा अभ्यास कामी आला. तो कसा, ते या वेळी पाहू.

पेशीला लागणारी प्रथिने बनवणारे यंत्र म्हणजे रायबोसोम. जोमाने वाढणारी यीस्टची पेशी मिनिटाला सुमारे 2000 रायबोसोम बांधते. रायबोसोमचा सांगाडा मुख्यतः आरएनएचा असतो. तो घडताना त्यावर ठरावीक जागी बारीक रासायनिक बदल करावे लागतात. बदल नेमका कुठे करायचा, ते बहुतेक छोटे आरएनए दाखवतात. केंद्रकातल्या न्यूक्लिओलस या भागात त्यांचे काम चालते, म्हणून त्यांना थोडक्यात स्नो-आरएनए म्हणतात. यीस्टमध्ये ते सुमारे 75 आहेत.

ते तयार कसे होतात? ऊस आठवा. पेशी आधी गरजेपेक्षा लांब आरएनए बनवते. कधी एकाच लांब धाग्यात अनेक स्नो-आरएनए ओळीने असतात. लागणीसाठी उसाच्या टिपऱ्या तोडतात, तसे आरएनटी-1 हे विकर, म्हणजे एन्झाइम, ते सुटे करते. मग टोकांची छाटणी होते. एका टोकाकडून रॅट-1 हे विकर आणि दुसऱ्या टोकाकडून एक्झोसोम हा प्रथिनांचा गट जादा भाग कुरतडत येतो. तोडणीत वाढे आणि पाचट काढतात तसा. कुरतडणे थांबते कुठे? स्नो-आरएनएवर काही प्रथिने आधीच घट्ट बसलेली असतात, तिथे. ती बसली नाहीत, तर कामाचा भागही टिकत नाही.

स्नो-आरएनएच्या एका गटावर यीस्टमध्ये सीबीएफ-5 हे प्रथिन बसते. ते नसेल तर यीस्ट जगत नाही. माणसातले त्याचे भावंड म्हणजे डिस्केरिन. डिस्केरिनच्या जनुकात बिघाड झाला की डिस्केराटोसिस कंजेनिटा हा आजार होतो, हे 1998 मध्ये उघड झाले. हेच प्रथिन गुणसूत्रांची टोके राखणाऱ्या यंत्रणेतही लागते. ती कमी पडली की टोके लवकर झिजतात आणि हाडांच्या मगजात नवे रक्त बनणे मंदावते.

हा आजार फार दुर्मिळ आहे. मान-छातीवर जाळीसारखे काळसर डाग, खराब होत जाणारी नखे आणि जिभेवर न पुसले जाणारे पांढरे चट्टे, या त्याच्या खुणा. पुढे थकवा, वारंवार जंतुसंसर्ग, सहज रक्त येणे सुरू होते.

आपल्या वस्तीत लेकरू फिके दिसले, तर बहुतेक वेळा कारण लोहाची कमतरता असते. तरी सरकारी दवाखान्यात सीबीसी ही रक्ततपासणी करून घ्या. लाल पेशींबरोबर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही कमी आल्या, तर रक्तविकाराच्या डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका. नजर लागली, बाहेरचे झाले असे म्हणत अंगारे-धुपारे करण्यात महिने घालवू नका.

आणि आईला बोल लावू नका. डिस्केरिनच्या जनुकातला बिघाड बहुधा आईकडून मुलाकडे येतो, तर कधी मुलात नव्यानेच होतो. बिघाड बाळगणारी आई स्वतः बहुतेक वेळा धडधाकट असते, तिला त्याचा पत्ताही नसतो. तिच्या खाण्या-वागण्याने हा आजार होत नाही. अशा घरात सुनेला टोमण्यांची नाही, तपासणीला सोबत येणाऱ्या माणसाची गरज असते.