पाणी मोजा, मग वाटा
विजेशिवाय चालणारे पाण्याचे मीटर कसे निवडाल?

धान्य आपण मापाने देतो, दूध लिटरने घालतो. पाणी मात्र तासावर वाटतो. तीन भावांची विहीर असली की चार-चार तासांची पाळी ठरते. पण चैत्र-वैशाखात उपसा चालू झाला की विहिरीतले पाणी खाली जाते, पंपाला ते अधिक उंच उचलावे लागते आणि धार बारीक होते. पहिल्या पाळीला मिळालेले पाणी शेवटच्या पाळीला मिळत नाही. तास सारखेच, पाणी मात्र कमी. मग बांधावर शब्दाला शब्द लागतो. हा तंटा मिटवायचा तर पाणी लिटरने मोजले पाहिजे. त्यासाठी वीज किंवा सेल न लागणारी साधने मिळतात.

आधी पिंप आणि घड्याळ

खरेदीपूर्वी आपली धार मोजा. 200 लिटरचे पिंप पाइपाच्या तोंडाखाली ठेवा. ते 40 सेकंदांत भरले, तर सेकंदाला 5 लिटर, म्हणजे तासाला 18,000 लिटर पाणी झाले. तीनदा मोजून सरासरी काढा. एकरभर रानात 1 इंच पाणी द्यायला सुमारे 1 लाख लिटर लागतात. म्हणजे या पंपाला साडेपाच तास. दुकानात गेल्यावर पाइपाच्या मापाबरोबर हा धारेचा आकडाही सांगा. मीटर गरजेपेक्षा मोठे घेतले, तर बारीक धार त्यात नीट मोजली जात नाही.

एकूण पाणी हवे? चक्रीचे मीटर

यात पाण्याच्या जोराने पाती फिरतात आणि तबकडीवरचे आकडे पुढे सरकतात. पाळीच्या सुरुवातीचा आकडा शेवटच्या आकड्यातून वजा केला की गेलेले पाणी कळते. आकडा बहुधा घनमीटरमध्ये असतो. 1 घनमीटर म्हणजे 1,000 लिटर. 2 इंच व त्यावरील पाइपासाठी मोठे, म्हणजे बल्क जातीचे मीटर घ्यावे. त्याचे भारतीय मानक आय. एस. 2373 आहे. सामाईक विहिरीला हेच साधन योग्य.

आत्ताची धार हवी? रोटामीटर

ही उभी पारदर्शक नळी खाली अरुंद, वर रुंद असते. आतला तरंगता गोटा जितका वर, तितका प्रवाह जास्त. ठिबकातून विद्राव्य खत सोडताना त्या बारीक नळीवर हे उपयोगी पडते. मात्र नळी अगदी उभीच हवी, पाणी खालून वर गेले पाहिजे आणि ते स्वच्छ असले पाहिजे. दिवसभरात एकूण किती गेले, हे रोटामीटर सांगत नाही.

दाबाचा काटा म्हणजे मीटर नव्हे

ठिबकाच्या संचावरचा काटा फक्त दाब दाखवतो. तोट्या चोंदल्या की दाब वाढतो, पाणी मात्र घटते. नळी फुटली की दाब पडतो आणि पाणी जास्त जाते. काटा आणि मीटर दोन्ही पाहिले, तरच दोष कळतो.

बसवताना हे सांभाळा

1. मीटरवरील बाणाची दिशा पाण्याच्या दिशेशी जुळवा.
2. मीटर गाळणीच्या पुढे बसवा. शेवाळ व वाळू पात्यांत अडकते.
3. मीटरआधी पाइपाच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ पाइप ठेवा. 3 इंची पाइपाला हे अंतर 30 व 15 इंच होते. कंपनीच्या माहितीपत्रकात वेगळे अंतर दिले असेल, तर ते पाळा.
4. पाइप तिथे नेहमी पूर्ण भरलेला हवा. अर्धवट भरलेल्या पाइपात किंवा हवा शिरल्यास आकडा खोटा येतो.

वाटणी कशी कराल?

आठवडाभर रोजचा एकूण उपसा लिहा आणि सरासरीचे वाट्याप्रमाणे भाग पाडा. उन्हाळ्यात पाणी उतरेल तसा हिशेब पुन्हा करा. मीटर बसवल्याने विहिरीचे पाणी वाढत नाही. पण जे आहे, ते कोणाकडे किती गेले ते सर्वांना दिसते. पंपघरात एक वही टांगा. शाळेत जाणारी लेकही आकडा वाचून त्यात लिहू शकेल. दोन्ही आकड्यांपुढे देणाऱ्याची व घेणाऱ्याची सही झाली, की संशयाला जागा उरत नाही.