इंजिनाचा काळा धूर आणि नोझलचा दाब

सातारा आणि सांगली हे कृष्णाकाठचे जिल्हे. नदी खाली, शेत वर. पाणी वर चढवायला आधी मोट होती, मग तेलाची इंजिने आली. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना काढला. तिथे नांगर झाले, पंप झाले. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला त्यांची तेल-इंजिनांची कंपनी निघाली. साताऱ्याच्या कूपर कारखान्यानेही डिझेल इंजिने बनवली. आता बहुतेक विहिरींवर विजेची मोटर आहे. तरी वीज गेली की कोपऱ्यातले इंजिन आठवतेच.

या इंजिनात ठिणगी नसते. मग डिझेल पेटते कसे? सायकलीत हवा भरताना पंप तळाशी गरम लागतो, हे तुम्ही पाहिले आहे. हवा दाबली की तापते. इंजिनाचा दट्ट्या हवा इतकी दाबतो, की ती पाचशे अंशांच्या वर तापते. त्या हवेत डिझेल पडले की पेटते.

पण ते पडते कसे, यावर सारे आहे. चुलीत अख्खा ओंडका घातला तर नुसता धूर. बारीक ढलप्या घातल्या तर लगेच जाळ. डिझेलचेही तसेच. थेंब पडले तर अर्धवट जळते, काळा धूर येतो, पैसा धुरात जातो. धुक्यासारखे उडाले तर पुरते जळते. हे धुके नोझल करते.

नोझलमध्ये एक सुई असते आणि तिला दाबून धरणारी स्प्रिंग. पंपाने डिझेलचा दाब वाढवला की सुई उचलते, फवारा उडतो. पुष्कळ इंजिनांत हा दाब एका चौरस सेंटिमीटरवर २०० किलोच्या आसपास असतो. मोटारीच्या चाकात दोन किलो. म्हणजे शंभर पट, बरं का! नेमका आकडा इंजिनाच्या पुस्तकात छापलेला असतो.

वापरून वापरून स्प्रिंग ढिली पडते, दाब उतरतो, नोझल गळू लागते. मिस्त्री ती काढून काटा असलेल्या हातपंपाला जोडतो आणि कोणत्या आकड्याला फवारा सुटतो ते पाहतो. स्क्रू आवळला की दाब वाढतो, सैल केला की उतरतो. काही नोझलांत स्क्रूऐवजी पातळ चकत्या घालतात.

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने जास्त जोर मिळावा म्हणून स्क्रू आणखी आवळला. जोर तर वाढला नाहीच, उलट सकाळी इंजिन लवकर सुरू होईना. जोर डिझेलच्या मापावर असतो, आणि ते माप पंप आणि गव्हर्नर ठरवतात. दाबाने फक्त फवारा बारीक होतो. आणि धूर दिसला की लगेच नोझलला दोष देऊ नका. आधी हवेची जाळी पाहा. ती धुळीने बुजली असेल तर नोझल बिचारी काय करील?

फवारा तपासताना त्याच्यासमोर हात कधीही धरू नका. इतक्या दाबाचे डिझेल कातडीतून आत घुसते. बाहेर सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसे दुखतही नाही. म्हणून माणूस हळद लावून घरी बसतो. आत मात्र मांस सडू लागते. उशीर झाला तर बोट, कधी हातही कापावा लागतो. असे झाले तर त्याच घडीला मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना सांगा, “दाबाचे डिझेल आत गेले आहे.”