वादळात वाचलेले झाड : तोडावे की राखावे?

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळच्या समुद्रातून उत्तरेकडे गेले. कुलाब्याला वाऱ्याच्या झोताचा वेग ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला. आदल्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले होते. दोन्ही वेळी नवी मुंबईत अनेक झाडे कोसळली. पडलेले झाड उचलून रस्ता मोकळा करता येतो. अवघड प्रश्न उरतो तो उभ्या राहिलेल्या झाडांचा. एखादे कललेले असते, एखाद्याची फांदी तुटून अर्धवट लोंबकळत असते, तर एखाद्याच्या खोडात पोकळी दिसू लागते.

सीबीडी बेलापूरमध्ये पारसिकच्या डोंगरपायथ्यापासून खाडीपर्यंत रस्त्यांच्या कडेला आणि सोसायट्यांच्या आवारात गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष असे मोठ्या विस्ताराचे वृक्ष आहेत. त्यांच्या खालून मुले शाळेत जातात. वादळानंतर घाबरलेले रहिवासी ‘सगळेच छाटून टाका’ म्हणतात, तर झाडांवर प्रेम करणारे ‘एकही फांदी तोडू नका’ म्हणतात. दोघांनाही आधी झाडाची तपासणी हवी. ती कशी होते, ते पाहू या.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्याशी तुलना केली, तर ११४ च्या झोताचा दाब सुमारे १४ पट होतो. पाने मिटतात, फांद्या वाकतात, म्हणून झाडावरचा प्रत्यक्ष भार थोडा कमी वाढतो. पण हा भार उंचावरच्या पर्णसंभारावर पडतो आणि खोड तरफेसारखे काम करून तो बुंध्याशी पोहोचवते. त्यातच पावसाने माती भिजून तिची पकड सैल झालेली असते. बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या मीटरभर थरात, आडवी पसरलेली असतात. केबल किंवा जलवाहिनीसाठी बुंध्याजवळ चर खणला की एका बाजूची मुळे तुटतात. वरून हिरवेगार दिसणारे झाड मग मुळासकट उपटून पडते.

आता पोकळीकडे वळू. पोकळ झाड म्हणजे धोकादायक झाड, असा सर्वसाधारण समज आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घालावे. गोल नळीची वाकण्याला विरोध करण्याची ताकद, भरीव दांड्याच्या तुलनेत, १ – (आतील त्रिज्या ÷ बाहेरील त्रिज्या)४ इतकी असते. येथे ४ हा घातांक आहे. पोकळीचा व्यास खोडाच्या निम्मा असेल, तर ताकद केवळ एक सोळांश कमी होते. तो ०.८ पट असेल, तर सुमारे ५९ टक्के ताकद उरते, ०.९ पट झाला, तर जेमतेम ३४ टक्के. म्हणजे पोकळी आहे का, यापेक्षा भोवतीचे निरोगी लाकूड किती जाड आहे, हे महत्त्वाचे. मात्र पोकळी एका बाजूला असेल किंवा खोडाला उभी भेग गेली असेल, तर हे गणित लागू पडत नाही.

कलण्याचेही दोन प्रकार आहेत. लहानपणापासून कललेल्या झाडाचा शेंडा पुन्हा सरळ वर वळलेला असतो. ते बहुधा स्थिर असते. पण वादळानंतर नव्याने कलले असेल आणि कलाच्या विरुद्ध बाजूची जमीन फुगली किंवा भेगाळली असेल, तर धोका तातडीचा आहे. त्याखालची ये-जा लगेच बंद करावी.

फांदी तोडण्याचेही शास्त्र आहे. जड फांदी वरून थेट कापली, तर ती तुटताना खोडाची साल सोलत नेते. म्हणून खोडापासून थोड्या अंतरावर आधी खालून अर्धवट काप घेतात, मग त्याच्या जरा पुढे वरून कापून वजन उतरवतात. उरलेला खुंट शेवटी बुडाच्या फुगीर वळीला धक्का न लावता काढतात. झाडाची जखम आपल्या त्वचेसारखी भरून येत नाही. जुने इजा झालेले लाकूड आतच राहते आणि झाड त्याभोवती भिंत घालून ते बंदिस्त करते. अमेरिकन वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून हे दाखवले. वळी शाबूत असेल, तरच ही भिंत नीट उभी राहते. जखमेवर डांबर फासल्याने मात्र कुजणे थांबत नाही.

शेंडाच उडवून झाड बोडके केले, तर नवे धुमारे जोमाने फुटतात, पण त्यांचा जोड वरवरचा असतो. काही वर्षांनी तेच जड होऊन वादळात तुटतात. सुरक्षिततेसाठी केलेले काम असे नवा धोका पेरते.

म्हणून काम सोपवताना काही प्रश्न विचारावेत. दर सांगण्यापूर्वी हा माणूस झाडाभोवती फिरून मुळे, खोड आणि फांद्यांचे जोड पाहतो का? कोणती फांदी का काढायची, हे तो सांगतो का? दोर, कमरपट्टा, शिरस्त्राण आणि कामगारांचा विमा आहे का? वाकून ताणलेली फांदी कापताच उसळते, त्यामुळे अननुभवी माणसाचा जीव जाऊ शकतो. जवळ वीजवाहिनी असेल, तर आधी वीजपुरवठा बंद करवून घ्यावा.

परवानगीही विसरू नये. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांसाठी १९७५ चा संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. झाड आपल्या आवारात असले, तरी ते तोडण्यापूर्वी परवानगी लागते. बेलापुरात त्यासाठी नवी मुंबई महानगरपालिकेकडे अर्ज करावा लागतो.

शाळेला एक उपक्रम सहज करता येईल. मे महिन्यापूर्वी विद्यार्थ्यांनी आवारातील प्रत्येक झाडाचा घेर, कल, भेगा, अळंबी आणि बुंध्याभोवतीचे काँक्रीट यांची नोंद करावी. झाडावर मात्र चढू नये. दरवर्षीची नोंद मागील नोंदीशी ताडली, की कोणते झाड बदलत आहे, हे वादळाआधीच कळेल. मग तज्ज्ञाला बोलवायचे ते त्या झाडासाठी. बाकीची सावली मुलांच्या डोक्यावर तशीच राहील.